निळ्या कोटाचा बडग्या

सरगुंडे करायचे म्हटले की आमच्या घरात बोलणं बंद व्हायचं. एरवी ते कधीच बंद नसायचं. नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत, खाली तांब्या-पितळेचं दुकान आणि वर आम्ही, असं आमचं घर होतं. सकाळपासून खाली ठोक ठोक सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. त्यावर आवाज चढवून बोलायची सवय आम्हाला इतकी लागली होती, की आजही मनीषनगरच्या या शांत फ्लॅटमध्ये मी फोनवर बोलायला लागले की माझी मुलगी आतून ओरडते, "आई, समोरचा बहिरा नाहीये!" पण गच्चीवर शोभाकाकू परात घेऊन बसली की आम्ही सगळे गप्प. कणकेची सुतळीएवढी बारीक वळी दोन बोटांत धरायची, दुसऱ्या हातानं काडी फिरवत ती वळी काडीवर गुंडाळत जायची, आणि मग तो वेटोळा अलगद सरकवून सुपात ठेवायचा. वळी तुटली की सगळं पुन्हा. वाळलेले सरगुंडे उकळून आंब्याच्या रसात घातले की लग्नघरातली पंगत उठायचं नाव घेत नसे. काकूची वळी कधी तुटली नाही. माझी दर तिसऱ्याला तुटायची. काकू म्हणायची, "तू राहू दे वं मंजू. तुह्या हाताले लिवनं जमते, हे नाही जमत."

आणि लिहिणं मला जमायचंच. शोभाकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काका कापडाच्या दुकानात थान उलगडून दाखवायचे काम करत आणि घरी आले की जणू दिवसभराचं बोलणं संपल्यासारखे गप्प बसत. मूलबाळ नव्हतं. काकूनं गल्लीतल्या सात-आठ बायका जमवल्या होत्या आणि ऊन असेल तेव्हा सरगुंडे वाळवून ती इतवारीतल्या किराणावाल्यांना देई. त्या पाकिटांवरच्या चिठ्ठ्या मी लिहायची. निळ्या शाईनं, बोरूसारख्या तिरक्या टोकाच्या पेनानं, "शोभाकाकूचे सरगुंडे" अशा. त्यातल्या 'स'ची शेपटी मी ओढून ओढून सरगुंड्यासारखी वेटोळी करायची. ही माझी आयडिया. तिचा मला केवढा गर्व होता! बारावीचा अभ्यास बाजूला सारून मी शंभर शंभर चिठ्ठ्या लिहायची आणि आई लाटणं घेऊन मागे यायची.

त्या धंद्याच्या स्पर्धेचा फॉर्मही मीच भरला. टीव्हीवर तो कार्यक्रम तेव्हा घरोघर लागायचा. देशभरातले लहान धंदेवाले यायचे, आपला माल दाखवायचे, आणि समोर बसलेले चार परीक्षक त्यांना उलटसुलट विचारायचे. सदरमधल्या एका हॉटेलात निवड होती. काकू पातळ नेसून, सूप काखेत घेऊन गेली आणि निवडून आली. त्यानंतर दोनदा मुंबई. गल्लीत कोणाचा विश्वासच बसेना. काकू पहिल्या फेरीतून पुढे गेली, दुसऱ्या फेरीतून पुढे गेली, आणि बघता बघता शेवटच्या तिघांत जाऊन बसली. शूटिंग सगळं आधीच झालेलं असतं, हे आम्हाला माहीत होतं. म्हणजे निकाल काकूला ठाऊक होता. पण चॅनेलवाल्यांनी कागदावर सही घेतली होती, आणि काकू सही म्हणजे सही मानणारी. बाबांनी किती खोदून विचारलं. ती नुसती म्हणे, "दादा, दिसनच ना टीव्हीवर. कायले घाई करून राहिले?"

फायनल दाखवली तो श्रावणातला रविवार होता. संध्याकाळी खालच्या दुकानाच्या ओट्यावर टीव्ही आणून ठेवला. भांडी ठोकणारे त्या दिवशी लवकर थांबले. आईनं पाटवडीचा रस्सा केला होता, एवढा की गल्लीतल्या सगळ्यांच्या वाटीत पडावा. पोती, खुर्च्या, उलटी घातलेली घमेली, जे मिळेल त्यावर माणसं बसली. काकू सगळ्यांच्या मागे, जिन्याच्या पायरीवर. पुढे ये म्हटलं तर आली नाही.

मग ते झालं, ज्याच्यासाठी मी आयुष्यभर तो कार्यक्रम आठवत राहिले. निळा कोट घालणारा एक परीक्षक होता. त्याची मोठ्ठी दुकानं होती ठिकठिकाणी, तो कधी हसायचा नाही. त्यानं काकूचं पाकीट उचललं, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "ये लिखावट किसकी है?" काकू म्हणाली, "माझ्या पुतणीची. मंजू नाव तिचं." तो म्हणाला, "इसको कभी बदलना मत. मैं ये अक्षर कहीं भी पहचान लूँगा." अरे बाप्पा! गल्लीत असा गलका झाला की पुढची दोन वाक्यं कोणाला ऐकूच आली नाहीत. बाबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला, कौतुकाचा. मला वाटलं, झालं, आपण जिंकलो.

पण त्यानंतर त्याच माणसानं पाकीट खाली ठेवलं आणि विचारलं, दिवसाला किती होतात? काकूनं सांगितलं. मग तो हिंदीत म्हणाला, आठ बायकांच्या सोळा हातांवर धंदा उभा राहत नाही. हात थकतात, आजारी पडतात, म्हातारे होतात. आज मी तुमच्या बाजूनं नाही. कॅमेरा काकूच्या हातांवर गेला. एकात एक गुंतवलेले, बोटांच्या पेरांवर भेगा पडलेले हात. जिंकला कोण, तर नारळ सोलायचं यंत्र बनवणारा एक इंजिनियर पोरगा. काकू तिसरी.

 शेजारची रुख्माबाई एकदम उसळली, "नारळ का हातानं सोलता येत नाही का रे भाड्या?" तिथून जे सुरू झालं! कोणी म्हणालं सगळं ठरलेलं होतं, कोणी म्हणालं नागपूरचं नाव दिसलं की यांच्या पोटात दुखते. बाबांनी टीव्ही बंद केला आणि वाटी तशीच टाकून उठले. गल्लीतला प्रमोद, पोळ्यानंतरच्या मिरवणुकीत बडग्या काढणाऱ्या आमच्या मंडळाचा पुढारी, उभा राहून ओरडत होता, "बाईच्या हातावर बोल्ला तो! हातावर!" मी रडत होते. आणि मागे पायरीवर काकूही रडत होती, पदरानं डोळे पुसत होती. आई तिला जवळ घ्यायला गेली तेव्हा ती जे बोलली ते मी स्पष्ट ऐकलं. मी दोन हातांच्या अंतरावरच उभी होते. ती म्हणाली, "माणूस वाईट नाही गा तो. त्याचं पुरं दाखवलं नाही त्यांनी."

"कशी भोळी आहे पाहा," प्रमोद म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली, मीसुद्धा. आता लिहिताना माझी मलाच चीड येते. माणूस तोंडानं सांगून राहिलं आहे, आणि आपण त्याच्या भोळेपणाचं कौतुक करतोय.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. बाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते. काळी मारबत, पिवळी मारबत अशा भल्यामोठ्या बाहुल्या इतवारीतून मिरवत न्यायच्या, वर्षभराची रोगराई, पीडा त्यांच्या पदरात घालायची आणि गावाबाहेर नेऊन जाळायच्या. त्यांच्यामागे गल्लोगल्लीचे बडगे असतात. बांबू, गवत आणि रंगीत कागदाचे पुरुष. त्या वर्षी ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचा बडग्या, हातात पाट्या, आणि "घेऊन जा गे मारबत!" अशी आरोळी. राग काढायची आमची ही जुनी सोय. बडग्या जळला की राग संपला, पुन्हा सगळे चहा प्यायला एकत्र. कोणी मनात ठेवत नाही. निदान गल्लीतलं कोणी नाही. गल्लीबाहेरच्या माणसाला हे कसं दिसेल, हा विचार आमच्या कोणाच्या डोक्यात आला नाही.

प्रमोद मला विचारायला आला तेव्हा मी चिठ्ठ्याच लिहीत होते. तो म्हणाला, "मंजू, निळ्या कोटाचा बडग्या करून राहिलो आम्ही. पाट्या तू लिव. तुह्यासारखं अक्षर कोणाचं आहे?" मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. दोन दिवस मी मैत्रिणीच्या घरी बसून पाट्या लिहिल्या. एकीवर लिहिलं, "आमच्या काकूचे हात मोजणाऱ्या निळ्या कोटाले घेऊन जा गे मारबत!" आणि दुसरी, जिच्यावर मी सगळ्यात खूश होते, "आधी एक सरगुंडा वळून दाखव, मंग बोल!" सरगुंड्याच्या 'स'ची शेपटी मी पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वेटोळी करत नेली. निळ्या रंगात.

पोळ्याच्या दिवशी काकू पुरणाच्या पोळ्या लाटत होती. लहान पोरं लाकडी बैल सजवत होती, घरात हरभऱ्याच्या डाळीचा आणि वेलदोड्याचा वास भरला होता. काकू खुशीत होती. फायनल हरलेली बाई इतकी खुशीत कशी, हे विचारायला नको होतं का मी? उलट तिनंच मला विचारलं, "काहून वं, बोटं निळी करून फिरून राहिली? उद्या मारबतीत काय करून राहिले तुम्ही लोक?"

मी म्हणाले, "काही नाही. नेहमीचंच. महागाईचा बडग्या."

तिच्यासाठी ते सरप्राइज होतं, म्हणून खोटं बोलले. दुसरं काही कारण नव्हतं. तिला खिडकीतून पाट्या दिसाव्या, तिचा ऊर भरून यावा, आपल्यासाठी अख्खी गल्ली उभी आहे हे कळावं. आजपर्यंत मी बरंच खोटं बोलले आहे, नवऱ्याशी, साहेबांशी, लेकीशी. पण हे एकच आहे जे मला जेवताना मध्येच आठवतं. "बरं बाप्पा," म्हणून काकूनं मला पहिली पोळी वाढली, तूप सोडून.

दुसऱ्या दिवशी आमचा बडग्या सगळ्यांत गाजला. नाक हे एवढं लांब, निळ्या चमकीचा कोट, हातात नारळ. ढोल, ताशे, गुलाल, आणि मी पाटी धरून सगळ्यात पुढे. लोक पाटी वाचायचे, खो खो हसायचे, टाळ्या पडायच्या. आमच्या घराखाली मिरवणूक आली तेव्हा प्रमोदनं मुद्दाम थांबवली. मी वर पाहिलं. काकू गॅलरीत आली होती. तिनं पाटी वाचली आणि दोन्ही हात वर केले. मला वाटलं, शाबासकी देतेय. मी पाटी आणखी उंच केली. मग पोरांनी रेटा दिला आणि आम्ही पुढे गेलो. त्या वर्षी सगळ्यांच्या हातात नवे कॅमेऱ्याचे फोन आले होते. आम्ही बडग्या जाळून घरी येईपर्यंत आमचा व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर पोचला होता. चार-पाच दिवसांत तो कुठल्या कुठे गेला. नागपूरबाहेरचे लोकही हसत होते, म्हणे.

घरी आले तर काकू डोकं दुखतं म्हणून झोपलेली. मला जरा वाईट वाटलं, एक शब्द कौतुकाचा नाही म्हणून. आठवड्यानं तिला एक फोन आला. ती तो घेऊन गच्चीवर गेली, मी पाठोपाठ वाळवण उचलायला. ती फक्त "हव मॅडम, हव," म्हणत होती. एकदा म्हणाली, "लेकरू आहे जी ते." फोन ठेवल्यावर मी विचारलं कोणाचा होता. म्हणाली, "बँकवाल्यांचा." आणि माझ्या हातातलं सूप घेऊन स्वतः सरगुंडे गोळा करू लागली.

मग तिनं छापील चिठ्ठ्या आणल्या. छापखान्यातल्या, पिवळ्या, जाड ठशाच्या, कोणत्याही लोणच्यावर-पापडावर असतात तशा. मी म्हटलं, "हे काय? माझ्या चिठ्ठ्या?" ती पाकिटं भरता भरता म्हणाली, "तुही बारावी आहे वं. हात कायले दुखवतं? अभ्यास कर."

मी रागावले. मी! तिच्यावर! टीव्हीवर जाऊन आली तर आता हिला पुतणीचं अक्षर नको झालं, असं मी आईजवळ बोलले, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पुढे कित्येक महिने मी गच्चीवर फिरकले नाही. बारावी झाली, शिकायला बाहेर पडले, नोकरी लागली, लग्न झालं. काकू मात्र होती तिथेच. त्याच गच्चीवर, त्याच आठ बायका, मग सहा, मग चार. त्या निळ्या कोटानं सांगितलं होतं तसंच झालं. हात थकले, आजारी पडले, म्हातारे झाले. सुट्टीत मी गेले की ती मला सरगुंड्याचं पाकीट द्यायची, पिवळ्या चिठ्ठीचं, आणि मी ते जरा तोऱ्यातच घ्यायची.

गेल्या वर्षी काकू गेली. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, काका आणि मी मागे उरलो. खाली ठोक ठोक चालूच होती. मी सहज बोलून गेले, की काकू तेव्हा जिंकली असती तर तिचं आयुष्य वेगळं झालं असतं. काका जन्मभर न बोललेले. त्यांनी गुडघ्यावरचा हात काढला आणि म्हणाले, "जिंकायचं काय त्यात. तो येनार होता ना इथं."

"कोण?"

"तोच, निळा कोटवाला. शूटिंग झाल्यावर भेटला होता तिले. म्हणे, स्पर्धेत नाही देत तुमाले, पन धंद्यात देतो. मोठा हॉल घेऊ, पंखे लावू, पन्नास बाया बसवू, माह्या सगळ्या दुकानात ठेवू. हात थकतात म्हनून हात वाढवू, म्हणे. ते टीव्हीत कापलं. पोळा झाला की येतो, तोवर बोलू नका, असं ठरलं होतं. मले तेवढं सांगितलं तिनं. मंग त्याच्या हापिसातल्या मॅडमचा फोन आला. साहेबांनी व्हिडिओ पाहिला. लोकांचं काही वाटलं नसतं म्हणे, पन पाटीवरचं अक्षर पाकिटावरचंच आहे. घरातलेच असं समजत असतील तर साहेब नाही येत."

 मी विचारलं, "मला का नाही सांगितलं? कधीच का नाही सांगितलं, काका?"

"मी म्हटलं होतं सांगू म्हनून. तर मलेच रागावली. म्हणे, पोरीनं माह्यासाठीच केलं ना. तिले समजलं तर ती पुन्हा पेन नाही धरायची." काका उठले आणि पाणी प्यायला आत गेले.

म्हणजे छापील चिठ्ठ्या तिच्या तोऱ्यापोटी नव्हत्या. तिला ते अक्षर रोज पाहवत नव्हतं, की मला ते लिहिताना पाहवत नव्हतं, हे आता कोणाला विचारू? तिला जे काय वाटलं असेल ते तिनं एकटीनं गिळलं, आणि वर माझा रुसवाही सोसला. आताही तसे कार्यक्रम लागतात. फायनल झाली की माझी मुलगी फोनवर भराभर काहीतरी टाकत असते, याला हाकला, त्याला लाज नाही का. मी म्हणते, पुसून टाक. ती म्हणते, आई, सगळेच लिहितात. 

तो व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे. फोन बदलले तरी मी तो जपून ठेवला, गर्वानं. इतक्या वर्षांत कितीदा पाहिला असेल, आणि प्रत्येक वेळी बडग्याकडेच पाहिलं, पाटीकडे, माझ्याकडे. इतवारीतून परत आल्यावर मी तो पुन्हा लावला आणि पहिल्यांदा वर, कोपऱ्यात, गॅलरीकडे पाहिलं. काकू दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवते आहे, आडवे, एकावर एक, जसं कोणी भरधाव टेम्पोला थांब म्हणून सांगतं. तोंडानंही काही ओरडते आहे. ढोलात ऐकू येत नाही, पण ओठांवरून कळतं. "मंजू. मंजू, नको." आणि खाली मी. गुलालानं माखलेली, पाटी एका हातात उंच धरलेली. मी तिच्याकडे पाहून हसते आहे आणि दुसरा हात तसाच हलवून तिला उत्तर देते आहे.